तीव्र मध्यम गायब: मारिओच्या सोलो पियानो शीटचा उन्हाळा ते दिवाळी अनुभव

शीट विकणाऱ्याचं उत्तर आलं, तेव्हाच हे लिहायचं ठरवलं होतं. पहिल्याच बारमधला (म्हणजे नोटेशनच्या पहिल्या घरातला) कॉर्ड, एकत्र वाजणारे सूर, चुकला आहे, असं मी पानाच्या फोटोवर लाल गोल काढून कळवलं होतं. उत्तर आलं की ती अरेंजरची, म्हणजे धून पियानोसाठी बसवणाऱ्याची, कलात्मक निवड आहे आणि डाउनलोड केलेल्या फाइलचे पैसे परत मिळत नाहीत. पैसे मागितले कोणी होते? मी एक सूर मागितला होता.

आता रीतसर सांगतो. 'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या संगीताची सोलो पियानोसाठी केलेली मेडली. जमिनीवरची धून, भुयारातली, पाण्यातली, शेवटी झेंड्याचा खांब. नऊ पानांची पीडीएफ, लेव्हल 'अॅडव्हान्स्ड'. किंमत डॉलरमध्ये, त्यावर कार्डाचा परकीय चलनाचा अधिभार, त्या अधिभारावर पुन्हा जीएसटी, असं करत करत मामला सहाशेच्या वर गेला. सहाशे रुपयांत आमच्या नागपुरात सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांची अख्खी पिशवी येते, हे मला माहीत आहे. बायकोलाही माहीत आहे. पियानो म्हणजे ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल. घेतला कन्येच्या परीक्षांच्या नावाने, वाजवतो मी. माझा हात मूळचा हार्मोनियमचा, त्यामुळे पुढे सरगम येईल. सी म्हणजे सा धरा.

मूळ धून खेळाचे संगीतकार कोजी कोंडो यांची, १९८५ ची. आमच्या पिढीने ती निन्टेन्डोच्या जपानी खेळयंत्राच्या नकलांवर, पिवळ्या कॅसेटी फुंकून फुंकून ऐकली. सुरुवात सगळ्यांना पाठ आहे: ग ग, ग, सा ग, प. खाली काय चाललंय ते फार कमी लोक ऐकतात. खालच्या आवाजात रे आहे आणि मधल्या आवाजात तीव्र मध्यम. एफ शार्प. म्हणजे धून षड्जावर सुरूच होत नाही. रे, तीव्र म, वरचे सा आणि ग मिळून डी नाइन्थ हा कॉर्ड होतो. तो ओढ घेतो पंचमाकडे, पंचम ओढ घेतो षड्जाकडे, आणि मग कुठे खरी चाल सुरू होते. दोन सेकंदांचा मामला आहे, पण त्या दोन सेकंदांत ढकलल्यासारखं होतं. बटण न दाबताच अंगठा पुढे सरकतो तो त्या तीव्र मध्यमामुळे, असं माझं ठाम मत आहे.

या शीटमध्ये तिथे काय आहे? डाव्या हाताला साधा सी मेजर. सा ग प. भरभक्कम, चार बोटांनी. म्हणजे पोहोचायचं होतं तिथेच उभे राहून निघालो. धून ओळखू येते, कोणी म्हणणार नाही की हा मारिओ नव्हे. पण ती पळत नाही. लहान मुलांच्या वाढदिवसाला कीबोर्डवाला वाजवतो तशी वाजते.

कन्येचे पियानोचे सर म्हणाले, "अहो, एवढ्या एका सुरासाठी काय जीव घेऊन राहिले तुम्ही?" मी म्हटलं, सर, यमनातून तीव्र मध्यम काढा आणि मग सांगा काय उरलं. सर हसले, पण पुढच्या क्लासच्या आधी त्यांनी स्वतः दोन्ही तऱ्हा वाजवून पाहिल्या, हे कन्येने मला येऊन सांगितलं. निकाल काय लागला ते मात्र त्यांनी तिच्याजवळही उघड केलं नाही.

बरं, आता छपाईची तक्रार, कारण ती नवीन घेणाऱ्यांच्या कामाची आहे. फाइल अमेरिकन लेटर आकाराची आहे. तो कागद आपल्या ए फोरपेक्षा रुंदीला ६ मिलिमीटर जास्त आणि लांबीला १८ मिलिमीटर कमी असतो. झेरॉक्सवाल्याने नेहमीच्या सवयीने मूळ मापात प्रिंट दिली आणि उजव्या कडेची बोटांची नंबरं कापली गेली. नेमकी जिथे नंबरं हवीत तिथली. परत गेलो तर म्हणतो, "साहेब, तुमची फाइलच तशी आहे, मी काय करू?" त्याचंही खरंच होतं. 'फिट टू पेज' करून पुन्हा नऊ पानं काढली, पुन्हा पैसे.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना नागपुरात कूलरशिवाय बसून दाखवा. आणि कूलरसमोर सुटी पानं उभी करून दाखवा. तिसऱ्या पानाच्या शेवटी डाव्या हाताची उडी आहे, त्याच क्षणी पान उलटायचं आहे, आणि त्याच क्षणी कूलरचा झोत येतो. कपड्यांचे चिमटे लावून पाहिले, तर उलटताना चिमटा काढायला तिसरा हात लागतो. शेवटी चार पानं आडवी चिकटवून पुठ्ठ्यावर लावली. पान कुठे उलटायचं याचा विचार न करता नोटेशन छापणाऱ्यांना एकदा आमच्या हॉलमध्ये मे महिन्यात बसवलं पाहिजे. वरच्या मजल्यावरच्या काकू एकदा जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "काय हो भाऊ, तुमच्याकडचा मारिओ रोज एकाच जागी काऊन मरून राहिला?" ती जागा म्हणजे तिसऱ्या पानाचा शेवट.

पण पानापेक्षा मोठी गोष्ट आहे ती जाडीची.

त्या जुन्या यंत्राच्या चिपमध्ये सुरांसाठी तीनच आवाज होते: दोन पल्स आणि एक त्रिकोणी लहर. त्रिकोणी लहरीला तर आवाज लहानमोठा करायची सोयच नव्हती, एक तर चालू नाही तर बंद. चौथा खरखरीचा आवाज, त्यावर तालाचं काम. पाचवा ध्वनिमुद्रित आवाजाचे नमुने वाजवायचा. अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला, चित्रं आणि संगीत धरून. आज फोनमधला एक साधा फोटो त्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. एवढ्या तुटपुंज्या सामानात कोंडो यांनी जे केलं ते जागा सोडून केलं. ग ग, मग विश्रांती, ग, मग विश्रांती. त्या विश्रांतीच धुनेला उडी देतात.

अरेंजरची अडचण मला समजते. चिपमधला सूर पाहिजे तितका वेळ तसाच ताठ उभा राहतो आणि पाहिजे तिथे तुटतो. पियानोचा सूर पट्टी दाबल्या क्षणापासून मरायला लागतो. वर खरखरीचा ताल नाही. मग पोकळ वाटतं, आणि पोकळ वाटलं की भरावंसं वाटतं. या गृहस्थाने भरलं, आणि पोहे दिसू नयेत इतकी तर्री ओतली. उजव्या हाताला सगळी धून ऑक्टेव्हमध्ये, म्हणजे प्रत्येक सूर दोन सप्तकांत एकदम. डाव्या हाताला उडी मारून कॉर्ड, उडी मारून कॉर्ड. तीन आवाजांत जे सुटसुटीत होतं ते सात-आठ बोटांत अडकलं.

यात एक शुद्ध शारीरिक प्रश्न आहे. तोच गंधार लागोपाठ तीनदा मारायचा असतो तेव्हा एकेरी सूर असेल तर बोटं बदलता येतात: तिसरं, दुसरं, पहिलं. ऑक्टेव्ह लिहिलं की अंगठा आणि करंगळी जागेवर बांधले गेले, बदलायला काही उरलं नाही. सगळं मनगटावर आलं. शीटवर वेग लिहिलाय मिनिटाला २०० मात्रा. त्या वेगाने मनगटातून ऑक्टेव्ह मारले की पहिल्या पानाच्या खालीच हात जड पडतो. चांगल्या ग्रँड पियानोत पट्टी पूर्ण वर यायच्या आत पुन्हा वाजते. आमच्या डिजिटलला अर्ध्यात धरलेली पट्टी कधी वाजते, कधी नाही. म्हणजे तीनपैकी दोनच गंधार ऐकू येतात. जून संपेपर्यंत मी वरचे ऑक्टेव्ह सोडून दिले होते आणि नुसती एकेरी धून वाजवत होतो. दोन मात्रांत तीन सूर येतात ती प ग प वाली जागा त्यानंतरच सुरळीत आली. ही जागा त्याने लिहिलीय मात्र अचूक. बरेच लोक ती दोन-एक अशी तोडून लिहितात.

भुयाराच्या धुनेत तर मी शीट बंद करून ठेवणार होतो. मूळ धून म्हणजे सहा सूर, ऑक्टेव्हच्या जोड्यांत: सा सा, ध ध, कोमल नी कोमल नी. मग शांतता. पुन्हा तेच सहा, पुन्हा शांतता. त्या शांततेतच भुयार आहे. इथे अरेंजरने शांततेत काय घातलं? ट्रेमोलो. खाली डाव्या हातात गडगडाट, वर पेडल दाबून ठेवायची खूण. भुताच्या मालिकेत दरवाजा उघडताना वाजतं तसं. मी पेडलवरून पाय काढला, ट्रेमोलोवर पेन्सिलने फुली मारली आणि पुढे गेलो. या टप्प्यावर कोणी विचारलं असतं तर मी पाचपैकी दीड तारा दिला असता, तोसुद्धा कागद स्वच्छ छापला म्हणून.

मग पावसाळा लागला. कूलर माळ्यावर गेला आणि मी पाचव्या पानावर पोहोचलो.

पाण्यातली धून तीन मात्रांची आहे, वॉल्ट्झ. दादऱ्यात ठेका धरणाऱ्या माणसाला ती पटकन जवळची वाटते, फक्त वजन पहिल्या मात्रेवर ठेवायचं आणि पुढच्या दोन हलक्या सोडायच्या. इथे हाच माणूस अचानक शहाणा झाला आहे. डाव्या हाताला एक खालचा सूर आणि मग दोनच सुरांची जोडी, बस. उजव्या हाताला एकेरी धून. पेडलच्या खुणा कमी आणि नेमक्या. मधल्या आवाजाला सप्तकभर वर नेऊन एकदा धुनेच्या वरून पाठवलंय, ते करंगळीने हलकंच वाजवायचं आहे, आणि ते जमलं त्या संध्याकाळी कन्या आतून ओरडली, "बाबा, हे कोणी वाजवलं?" मी म्हटलं, मीच. "मग आधी काय वाजवून राहिले होते?" आता काय सांगावं.

इथून माझं मत हललं. नुसतं या दोन पानांमुळे नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर तो जमिनीवरची धून पुन्हा आणतो, यावेळी थोडी बारीक, आणि तिच्या उत्तरार्धात एक जागा आहे: कोमल ग, रे, सा असे सूर उतरतात आणि खाली बास मात्र चढतो, कोमल ध, कोमल नी, सा. उतरण आणि चढण एकमेकांना भेटतात. ही जागा मूळचीच आहे, कोंडो यांची. पण शेवटच्या पानावर झेंड्याच्या खांबाची विजयधून येते तेव्हा तिच्यातही तीच पायरी आहे. आधी सी चा अर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक), मग कोमल ध वरचा, मग कोमल नी वरचा, आणि धाडकन सा. या अरेंजरने दोन्ही जागी डाव्या हाताला तीच मांडणी, त्याच पट्ट्या, त्याच बोटांनी दिली आहे. म्हणजे सातव्या पानावर हात जे शिकतो तेच नवव्या पानावर जिंकल्यासारखं वाजतं. मी इतकी वर्षं हा खेळ खेळलो, खांबावरून घसरलो, आणि या दोन धुना एका पायरीवरून चढतात हे मला या शीटने दाखवलं. हे सांगायला मला जड जातं, पण सहाशेपैकी चारशे तिथे वसूल झाले.

आणखी एक. खेळात वेळ १०० वर आला की इशाऱ्याची छोटी धून वाजते आणि मग सगळं संगीत वेगात धावतं. त्याने शेवटच्या दोन पानांच्या आधी नेमका तो इशारा टाकलाय आणि मग वेग वाढवायची खूण दिली आहे. ज्यांनी खेळ खेळलाय त्यांच्या पोटात गोळा येतो. ज्यांनी नाही खेळला त्यांनाही काहीतरी बिघडत चाललंय हे कळतं. घरी पाहुणे आले होते त्यांच्यासमोर वाजवलं, तर एकजण सोफ्यावर पुढे सरकून बसला. खेळाचं संगीत मुळात गोल गोल फिरण्यासाठी लिहिलेलं असतं, त्याला शेवट नसतो. अरेंजरला शेवट बाहेरून आणावा लागतो. बहुतेक लोक टाळ्यांचा मोठा कॉर्ड चिकटवतात. याने शेवट खेळाच्या आतूनच काढला.

म्हणूनच माझा राग उतरायच्या ऐवजी वाढला. ज्याला सातव्या आणि नवव्या पानातलं नातं ऐकू येतं, त्याला पहिल्या बारमधला तीव्र मध्यम ऐकू आला नाही? तोच तीव्र मध्यम पुढे धुनेतच येतो, प, तीव्र म, शुद्ध म, कोमल ग, ग असा घसरत, आणि तिथे त्याने व्यवस्थित लिहिलाय. मग सुरुवातीलाच कसा गेला?

यावर मी एक अंदाज बांधला आहे. त्या चिपला आवाज मोजकेच असल्यामुळे खेळातले इतर ध्वनी संगीताचाच एखादा आवाज उसना घेतात. मारिओने उडी मारली की 'टुइंग' वाजायला मागचा एक सूर क्षणभर गप्प होतो. कन्येच्या कन्सोलवर तोच जुना खेळ आहे. तिला सांगितलं, खेळ सुरू होताच उडीचं बटण बडवत राहा. ती म्हणाली, "बाबा, समोर गूम्बा आहे, मरीन ना मी." म्हटलं मर, काही होत नाही. बडवलं. आणि खरोखर, उड्यांच्या खाली सुरुवात बोडकी झाली. वरची धून आहे, खालचा बास आहे, मधलं काही नाही. बटण सोडून नुसतं उभं राहिलं की मधला तीव्र मध्यम नीट कानावर येतो. म्हणजे ज्याने लहानपणी अधीरपणे खेळ खेळून धून कानाने शिकली, त्याच्या कानात ती जागा रिकामी राहिली असणार, आणि रिकाम्या जागी माणूस सी मेजर घालतो. हा माझा अंदाज. विक्रेत्याने मात्र तिला निवड म्हटलं, आणि मला ते झोंबलं. कानावर पडलं नाही म्हटलं असतं तर मी चहा पाजला असता.

ही काही कोपऱ्यातली धून नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत गेलेलं हे पहिलं व्हिडिओ गेम संगीत. तिथे जतन झालेल्या धुनेची पहिली दोन सेकंदं पैसे घेऊन विकायची असतील तर ती नीट लिहावीत, एवढीच अपेक्षा आहे.

आता ताजी बातमी. गेल्या आठवड्यात त्याच पानावर 'सुधारित आवृत्ती' दिसली. नमुन्याचं पहिलं पान फुकट पाहता येतं, ते मोठं करून पाहिलं. पहिल्या बारमध्ये डाव्या हाताला डी आणि एफ शार्प. म्हणजे कलात्मक निवड चार महिन्यांत बदलली. जुन्या गिऱ्हाइकाला नवी फाइल फुकट मिळते का विचारलं, तर पूर्ण किंमत पडेल म्हणतात. एका सुरासाठी सहाशे! बाप्पा, मी नागपूरकर आहे, खुळा नाही. लाल पेनने सी मेजरवर काट मारली, डी आणि एफ शार्प स्वतः लिहिले. पेन घरातलंच होतं.

घ्यायची असेल तर नवी आवृत्तीच घ्या, जुनी कुठे स्वस्त दिसली तरी घेऊ नका. अर्थात लाल पेन असेल तर घ्या. 'फिट टू पेज' झेरॉक्सवाल्याला आधी सांगा, नंतर नाही. उन्हाळ्यात पुठ्ठ्यावर चिकटवून वाजवा. उजव्या हाताचे ऑक्टेव्ह पहिले सहा महिने सोडा, वेग २०० ऐवजी १६० ठेवा, विश्रांती मात्र एकही खाऊ नका. चौथ्या पानावरचा ट्रेमोलो वाजवू नका, कोणी ऐकायला आलं तर मुळीच नका. पाण्याची दोन पानं मात्र जशी लिहिली तशी, एकही सूर न बदलता वाजवा. हात लहान असेल तर आठव्या पानाच्या दुसऱ्या ओळीतले दशमीचे (सा ते वरचा ग एवढ्या अंतराचे) ताण तुटक वाजवा, आधी खालचा सूर, मग वरचा. कानाला काही फरक पडत नाही.

तारे: पाण्याला पाच, शेवटाला पाच, भुयाराला एक, पहिल्या बारला शून्य. साइटवर सरासरी एकच आकडा टाकता येतो, म्हणून तीन दिलेत. फुकट फाइल पाठवली तर चौथा देईन.